गर्भारपणातच विचारायचे प्रश्न

तंजावूरच्या राजवाड्यातून १८०१ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी ब्रिटिश रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहिले. राज्यातली छत्रे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, कशी चालतात ते त्यात सांगितले आहे. गर्भवती स्त्री तिथे प्रसूत झाली तर खर्च आणि औषधे छत्राची, शिवाय बाळंतिणीला पुढे तीन महिने राहण्याची मुभा. पाहुणचाराची ही मुदत मला फार मोलाची वाटते, कारण बाळंतपणानंतरचे नैराश्य बरेचदा याच दिवसांत उघड होते. पण ते सुरू कधी होते? विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात होत्या, आणि त्यांतल्या ७८ टक्के जणींचे मन गर्भारपणातच आजारी होते. त्याच वर्षीच्या वेल्लोरजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात गरिबी, सासूशी किंवा आईवडिलांशी बेबनाव, मुलगा हवा असताना मुलगी होणे ही कारणे ठळक दिसली. यातले शेवटचे सोडले तर बाकीचे सारे बाळ पोटात असतानाच विचारता येते. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन दर खेपेला पाहणाऱ्या दवाखान्याने मनाला वगळावे, याला मला कारण सापडत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पुढे कोणाला नैराश्य येईल हे आधी ओळखणाऱ्या प्रश्नावल्या फारशा अचूक ठरलेल्या नाहीत. अनेक निरोगी बायकांवर उगाच शिक्का बसतो. म्हणून भाकिताचा हव्यास सोडावा आणि आज ती कशी आहे एवढेच विचारावे. १९८७ ची एडिनबरा प्रश्नावली हेच करते: दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे, पुढे नीट बोलायला हवे एवढाच त्याचा अर्थ. मात्र सासू शेजारी बसलेली असताना खरे उत्तर मिळणार नाही. तेवढ्यापुरता एकांत हवाच. दुसरा आक्षेप मनोविकारतज्ज्ञांच्या तुटवड्याचा. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्य सेविकांनाच प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी पाठवले गेले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा त्यांच्यातल्या २३ टक्के आणि नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटातल्या ५३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. गावात फिरणारी परिचारिका तमिळनाडूत आहे, महाराष्ट्रात ‘आशा’ सेविका आहे. त्यांच्या कामाच्या यादीत हे घालताना मोबदला आणि प्रशिक्षणही द्यावे लागेल. एडिनबरातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला त्याच दिवशी कोणाकडे न्यायचे, हे प्रश्नावली छापण्याआधी प्रत्येक केंद्राने ठरवून ठेवायला हवे.