लशीनंतर की लशीमुळे?

श्रोतेहो, समजा साकोली किंवा लाखांदूरकडच्या एखाद्या गावात बाळाला लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले. आजी म्हणते, "लशीनंच केलं हे!" आरोग्यसेविका म्हणते, "ताप आधीपासूनच होता." आता खरे कोणाचे? आणि नुकसानभरपाई मागायची, तर कोणत्या आधारावर?

याविषयी एक जुनी हकीकत सांगतो. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ माणसांना प्लेगची लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. त्या एकोणीस जणांची लस एकाच बाटलीतली, आणि बाटली आलेली आपल्या मुंबईच्या परळमधील प्रयोगशाळेतून. चौकशीत दोष प्रयोगशाळेवर आला. तिचे प्रमुख वाल्देमार हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. परंतु जबान्या लिहून ठेवलेल्या होत्या. बाटली उघडण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, हे त्यांत होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यावर बोट ठेवले आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

एकोणीस जीव गेले ते खरेच. पण दोष लशीचा, टोचणाऱ्याच्या हाताचा, की दुखणे मुळातच वेगळे, याचा निवाडा नोंदीवरून होतो. आजही लसीकरणानंतरचा गंभीर त्रास आरोग्य केंद्रात कळवला, की तज्ज्ञांची समिती हेच तपासते.

म्हणून त्रास झाल्याबरोबर आशाताईंना किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. लसीकरणाचे कार्ड, लशीचा बॅच क्रमांक, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. कोणत्या वेळी काय झाले, ते तारखेसह लिहा. गुरुजी, इथे तुमची लेखणी कामी येईल. दुर्दैवाने मृत्यू झाला, तर मन घट्ट करून शवविच्छेदनाला संमती द्या. पुढे कारण सांगणारा तोच कागद.

आता दाव्याचे. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने गंभीर इजा झालेल्यास ठराविक रक्कम मिळते. कोणाची चूक दाखवावी लागत नाही, पण इजा लशीमुळेच झाली हे दाखवावे लागते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये, कोविड लशीच्या प्रकरणात, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. पैसे देऊन खाजगी दवाखान्यात टोचून घेतले आणि तिथे हयगय झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकिलाला पैसे नसले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि गरिबांना तिथे फुकट वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड होत असेल, तर अंगठा करण्याआधी कागद वाचून घ्या, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.

आणि एक सांगून ठेवतो. एका घरची तक्रार तपासली जाते, तेव्हा गावातल्या पुढच्या बाळाची लस अधिक निर्धोक होते. तक्रार करणारा लशीचा वैरी नव्हे. त्याचे म्हणणे लिहून घ्या.