जैवडिझेलाची परीक्षा

करंजाचें झाड आमच्या कोयनाखोऱ्यांतील मुलांस नवें नाहीं. त्याच्या बियांचें कडवट तेल पूर्वी दिव्यांत जाळीत व खरजेवर लावीत. त्याच तेलापासून, किंवा भजीं तळून उरलेल्या तेलापासूनहि, मोटारीस चालेल असें इंधन करितां येतें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. सन १९०० च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. परंतु असें तेल दाट असतें. तें तसेंच वापरीत गेल्यास इंजिनांत काजळी धरते. म्हणून त्यांत मेथॅनॉल व थोडा कॉस्टिक पोटॅश घालून तें ऊन करून ढवळितात. तेलांतून ग्लिसरीन सुटून तळाशीं बसतें, आणि वर जें पातळ द्रव्य राहतें तें जैवडिझेल होय.

हें द्रव्य कितीहि नितळ दिसलें तरी ग्लिसरीनचा अंश, न पालटलेलें तेल, मेथॅनॉल, पाणी, आम्लें व पोटॅश हीं त्यांत लपून राहूं शकतात. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरास येणाऱ्या मालमोटारीची इंधनगाळणी मध्येंच तुंबली तर काय गत होईल, हें पालकांस सांगावयास नको. यासाठीं भारतीय मानक ब्यूरोनें आय. एस. १५६०७ या मानकांत प्रत्येक अशुद्ध द्रव्याची मर्यादा ठरविली आहे.

आम्लाची परीक्षा आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. १० ग्रॅम नमुना अल्कोहोलांत विरवून त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकावयाचे, आणि ब्यूरेटमधून पोटॅशचें ०.१ नॉर्मल द्रावण थेंब थेंब सोडावयाचें. टिकाऊ गुलाबी रंग येईपर्यंत सुमारें ०.९ मिलिलिटरहून अधिक द्रावण लागलें, तर इंधन नापास. कारण एका ग्रॅमामागें ०.५० मिलिग्रॅम पोटॅश ही मर्यादा आहे. करंजाच्या इंधनास मुळांतच रंग असल्यास गुलाबी छटा ओळखणें कठीण पडतें; तेव्हां विद्युत्-मापकाचें साहाय्य घेतात.

पाण्याची मर्यादा किलोग्रॅमास ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अवघा अर्धा ग्रॅम. जैवडिझेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि कोयनेचा पावसाळा तर सर्वांस परिचित आहेच! नमुन्याची बाटली उघडी राहिली कीं परीक्षा फुकट गेली. हें पाणी मोजण्याची रीत जर्मन रसायनज्ञ कार्ल फिशर यानें १९३५ सालीं प्रसिद्ध केली. सल्फर डायऑक्साइडच्या सान्निध्यांत आयोडीन पाण्याशीं ठराविक प्रमाणांत संयोग पावतें; म्हणून किती आयोडीन खर्ची पडलें यावरून पाणी किती होतें तें कळतें.

सर्वांत अवघड परीक्षा ग्लिसरीनची. मोकळें ग्लिसरीन शेंकडा ०.०२ हून अधिक नसावें, आणि तेलाच्या अर्धवट पालटलेल्या अंशांत अडकलेलें धरून एकंदर शेंकडा ०.२५ हून अधिक नसावें. यासाठीं एक घरगुती कसोटी सांगतात: २७ मिलिलिटर मेथॅनॉलांत ३ मिलिलिटर इंधन मिसळावें, तळाशीं थेंब जमले तर तेल कच्चें राहिलें असें समजावें. आमच्या मतें हिच्यावर फार विसंबूं नये, कारण अर्धवट पालटलेले अंश मेथॅनॉलांत विरून जातात व नजरेस पडत नाहींत. शिवाय मेथॅनॉल हें विष आहे, त्यानें दृष्टि जाते. शिक्षकांवांचून कोणीं त्यास हात लावूं नये.

खरी परीक्षा वायु-वर्णलेखन यंत्रानें होते. नमुन्यास प्रथम एका रसायनानें वाफ होण्याजोगा करून तो तापविलेल्या केसासारख्या बारीक व लांब नळींत सोडितात. वाहक वायूच्या ओघांत ग्लिसरीन सर्वांआधीं बाहेर पडतें, मागाहून अर्धवट पालटलेले अंश, व शेवटीं मूळचें तेल. नळीच्या टोकाशीं ज्योत असते. तींत जो तो जळतांच कागदावर शिखर उमटतें. ज्ञात प्रमाणांत मुद्दाम घातलेल्या द्रव्याच्या शिखराशीं ताडून पाहिलें कीं प्रत्येकाचें प्रमाण निघतें.

मात्र नमुना घेतांनाच दक्षता हवी. ग्लिसरीन जड असल्यामुळें पिंपाच्या तळाशीं उतरतें. वरूनच बाटली भरून घेतल्यास उत्तम यंत्रहि त्या पिंपास निर्दोष ठरवील. म्हणून वरचा, मधला व तळचा असे तिन्ही थरांतून नमुने घेतात.