अॅपवरील गाणी भाड्याची!

नवी मुंबई, प्रतिनिधी - वाशी-पनवेल लोकलमध्ये मोबाइलवर गाणी ऐकणारे अनेक जण मासिक वर्गणी भरतात. मात्र ती गाणी भाड्याचीच असतात. ‘डाउनलोड’ केलेले गाणेही त्याच अॅपमध्ये वाजते आणि वर्गणी थांबताच बंद होते. २०२४ मध्ये ‘रेसो’ व ‘विंक’ या सेवाच गुंडाळल्या गेल्या. घणसोलीतून कारभार चालणाऱ्या जिओचे ‘जिओ म्युझिक’ २०१८ मध्ये ‘सावन’मध्ये विलीन झाले. गाण्यांचे हक्क संगीत कंपन्यांकडे असतात. करार न जुळल्याने मार्च २०२३ मध्ये ‘झी म्युझिक’ची गाणी ‘स्पॉटिफाय’वरून उतरली होती.

त्यामुळे निवड करताना जाहिरातींसह मिळणाऱ्या मोफत सेवेत आपल्या आवडीची दहा मराठी गाणी आधी शोधावीत. वार्षिक वर्गणीऐवजी सुरुवातीस मासिक वर्गणी घ्यावी. जिवाभावाच्या गाण्यांच्या जुन्या सीडी मात्र टाकून देऊ नयेत.