बास गिटारवरील क्रोमची झाकणे : काम लहान, जोखीम मोठी

जुन्या घाटाच्या बास गिटारवर चकाकणाऱ्या धातूची दोन झाकणे दिसतात. एक पिकअपवर असते, दुसरे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवर. आज ही झाकणे शोभेसाठी सुटी विकत मिळतात आणि ती बसवून घेण्यासाठी ग्राहक वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडे येतो. दोन-चार स्क्रूंचे काम म्हणून कारागीरही ते सहज स्वीकारतो. आमच्या परिचयातील एका कारागिराने असेच केले. झाकण ठेवले, खुणा केल्या आणि ड्रिल चालवले. भोकाभोवतीच्या रंगाचे टवके उडाले, वर जाड तार झाकणाच्या कडेला घासू लागली. मजुरी गेली आणि ग्राहकही गेला. म्हणून या छोट्या कामाची माहिती वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

झाकणे आली कशी?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे. पण वादकांची अडचण त्यांना नेमकी कळे. त्यांच्या कारखान्याने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली. ही झाकणे तिच्यावर कारखान्यातूनच बसवून येत आणि ती केवळ दिखाव्याची नव्हती. पिकअपच्या झाकणावर वादकाला बोटे टेकवता येत. ब्रिजच्या झाकणाच्या आत रबर किंवा स्पंज चिकटवलेला असे. तो तारांवर हलकेच टेकल्यामुळे आवाज लांबत नसे आणि उभ्या डबल बासचा भास होई. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बासवर ब्रिजचे झाकण इतके रुंद होते की मागचा पिकअपही त्याखाली झाकला जाई.

वादकांना मात्र सगळी तार मोकळी हवी होती. अनेकांनी झाकणे काढून टाकली. फेंडरच्याच टेलिकास्टर गिटारवरील अशा झाकणाला तर गमतीने ‘ॲश-ट्रे’ म्हणू लागले. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन यांनी मात्र झाकणे तशीच ठेवली. ते एकाच बोटाने तार छेडीत, बाकीची बोटे पिकअपच्या झाकणावर टेकवीत आणि ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज ठेवीत. पुढे कारखान्याने सर्वच वाद्यांवर झाकणे देणे थांबवले. १९८२ पासून जुन्या नमुन्याच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या, तेव्हा ती पुन्हा दिसू लागली. फुकट मिळत असताना जी वस्तू लोकांनी बाजूला टाकली, तिच्यासाठी आज ते पैसे मोजतात. बाजाराची ही रीत व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बसवताना

सर्वप्रथम वाद्य नीट पाहावे. जुन्या वाद्यावर मूळ भोके असतील तर झाकण त्यांच्याशी जुळते का ते तपासावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या झाकणांत भोकांचे अंतर सारखे नसते. जुळत नसेल तर दुसरे झाकण मागवावे, दुसरे भोक पाडू नये.

भोके नसतील तर झाकण तारांवर ठेवून दोन्ही कडेच्या तारांपासून सारखे अंतर राखावे. प्रत्येक तार जोराने छेडून ती कुठे लागत नाही ना, हे पाहावे. मगच कागदाचा नमुना कापावा आणि मास्किंग टेपवर खुणा कराव्यात. पिकअपच्या खोबणीवर आणि तिथून जाणाऱ्या वायरच्या मार्गावर खूण येता कामा नये. ड्रिलचा बिट स्क्रूच्या आट्यांपेक्षा बारीक असावा. रंगाचा थर पार होईपर्यंत ड्रिल उलटे फिरवले तर टवके उडत नाहीत. किती खोल जायचे, त्याची खूण म्हणून बिटला टेप गुंडाळावी. स्क्रूला मेण लावून तो हातानेच पिळावा. शेवटी ॲम्प्लिफायर लावून प्रत्येक सूर वाजवावा. झाकण खडखडत असेल तर कडेखाली पातळ फेल्ट द्यावे.

भोके नकोत म्हणून काही जण दुहेरी चिकटपट्टी वापरतात. साध्या, नव्या वाद्यावर ती चालून जाते. पण जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर चिकटपट्टी व रबर डाग पाडू शकतात, थरही उचलू शकतात. झाकणामुळे गुणगुण हमखास थांबेल असेही सांगू नये. वायरने अर्थिंगला न जोडलेल्या, उघड्या कडांच्या झाकणाचा त्या कामी फारसा उपयोग नाही.

व्यवहार

जुन्या वाद्याची किंमत ते किती मूळ स्थितीत आहे यावर ठरते. एक नवे भोक ती किंमत कायमची खाली आणते. तेव्हा काम घेण्याआधी वाद्यावर कोणती भोके आहेत ती ग्राहकाला दाखवावीत आणि नवे भोक पाडायचे असल्यास त्याची लेखी संमती घ्यावी. झाकण नवे असेल तर बिलावर ‘नवे’ असेच लिहावे. नव्या झाकणाला जुने म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे. काढलेले स्क्रू पुडीत बांधून परत द्यावेत. मोजमापाचा वेळही मजुरीत धरावा, कारण कौशल्य तिथेच लागते.

काही वेळा ग्राहकाला ‘यावर झाकण बसवू नका’ असे सांगावे लागेल. त्या दिवशी मजुरी बुडेल. पण दुसऱ्याची अमानत जपणारा कारागीर म्हणून नाव होईल आणि पुढचे काम त्याच नावावर येईल. झाकण केव्हाही काढता येते, पाडलेले भोक मात्र पूर्वीसारखे होत नाही.