मराठी गलबतांवरील बांबूचें तूतक आणि दप्तरांतील लांकडाच्या यादी

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्या सज्जनांस सनदा, महजर व वंशावळी यांचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको. परंतु लांकूड, बांबू, काथ्या, राळ अशा जिनसांच्या यादी हातीं आल्या कीं त्या घरबांधणीच्या समजून बाजूस सारण्याकडे पुष्कळांचा कल असतो. या यादी कोणत्या दृष्टीनें वाचाव्या, एवढेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

नंदुरबार जिल्हा समुद्रापासून दूर आहे. तथापि या विषयाशीं त्याचा संबंध नाहीं असें नाहीं. प्रकाशें येथून वाहणारी तापी सुरतेच्या खालीं समुद्रास मिळते. अक्राणी, तळोदें व नवापूर येथील डोंगरांत साग आणि बांबू हे दोन्ही होतात. खुद्द नंदुरबार हें सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील जुनें व्यापाराचें ठाणें असून १६६६ मध्यें तेथें इंग्रजांची वखार होती. तेव्हां येथील एखाद्या दप्तरांत सागाची किंवा बांबूची नोंद सांपडल्यास ती घराची कीं गलबताची, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. तो सोडविण्यास गलबत कसें बांधीत हें ठाऊक पाहिजे.

रॉबर्ट ऑर्म याच्या इतिहासाचा पहिला भाग १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत आंग्र्यांच्या आरमाराचें वर्णन आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणें दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपेक्षां मोठी नसे, तीन डोलकाठ्यांची सुमारें ३०० टनांची असे, आणि मोठ्यांतलें मोठें गलबतही ७० टनांवर क्वचितच जाई. गलबतास चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं असत व त्यांच्या जोरावर तें ताशीं चार मैल चाले. याच वर्णनांत एक लहानसें वाक्य आहे, त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. बहुतेक गलबतांचें तूतक, म्हणजे वरची तक्तपोशी, चिरलेल्या बांबूंची केलेली असे. आणि ती तशी करण्याचें कारण ऑर्म स्पष्टपणें हलकेपणा हेंच देतो.

यावरून बांबूचा उपयोग दारिद्र्यामुळें किंवा लांकडाच्या टंचाईमुळें झाला, ही समजूत टिकत नाहीं. गलबत जितकें जड, तितकें तें पाण्यांत अधिक बुडतें आणि वल्हेकऱ्यांस तितकें अधिक पाणी सारावें लागतें. त्यांतही वजन वरच्या बाजूस वाढलें कीं गलबत डोलूं लागतें, आणि उथळ बांधणीच्या गलबतास हें विशेष बाधक होतें. सागाचा गुण टिकाऊपणाचा. त्यांतील तेलामुळें तो सहसा कुजत नाहीं आणि ओकप्रमाणें लोखंडी खिळे गंजवीत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ मध्यें बांधलेलें ट्रिंकोमाली हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही आहे. बांबूस हा टिकाऊपणा नाहीं, त्यास कीड लवकर लागते. परंतु तो पोकळ असून धाग्याच्या दिशेनें मोठा चिवट असतो, आणि मोडला तर बदलण्यास सोपा. माणसाचें वजन पेलावयाचें असेल तेथें तो पुरेसा होय.

मात्र या हलकेपणाची किंमत द्यावी लागे. बांबूच्या तूतकावर तोफ बसत नसे. अशा गलबतांवर काठास फिरत्या बसविलेल्या लहान जंबुऱ्यांवरच भागवावें लागे. पक्क्या तूतकाच्या मोठ्या गलबतांवर दोन ते चार पौंडी गोळ्यांच्या सहा-आठ तोफा असत. म्हणजे तूतक कशाचें करावयाचें हें ठरलें कीं गलबतानें मारा करावयाचा कीं पाठलाग, हेंही ठरून जाई.

हलक्या गलबतांचा उपयोग खांदेरीच्या प्रसंगीं, १६७९ मध्यें, दिसून आला. इंग्रजांचीं मोठीं जहाजें बेटाभोंवतीं असतांही मराठ्यांचीं लहान गलबतें रात्रीं सामान पोंचवीत आणि पाठलाग झाल्यास उथळ पाण्यांत शिरत. इंग्रजांस खांदेरी घेतां आली नाहीं. त्या गलबतांचें तूतकही बांबूचेंच होतें असें ऑर्मच्या आधारें म्हणूं नये. तो पाऊणशें वर्षांनंतरच्या आरमाराविषयीं लिहितो. परंतु धोरण एकच दिसतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही गुराबा मध्यम असाव्या, वाऱ्यावांचून न चालणारीं थोर जहाजें करूं नयेत, असा उपदेश आहे. लांकडाविषयीं तेथें सांगितलें आहे कीं स्वराज्यांतील सागादि वृक्ष हुजूरच्या परवानगीनेंच तोडावे, उणें पडेल तें परमुलखांतून विकत आणावें, आणि रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये.

आतां संग्राहकांस आमची विनंती. नुसत्या ‘साग’ किंवा ‘बांबू’ या शब्दावरून गलबत सिद्ध होत नाहीं. परंतु त्याच यादींत डोलकाठी, परबाण, वल्हीं, शीड किंवा सुकाणूं यांपैकीं कांहीं आढळल्यास ती यादी घराची नव्हे हें निश्चित समजावें. काथ्या व राळ हीं मात्र एकटीं पुरावा होत नाहींत. परमुलखांतून केलेली खरेदी, हुजूरची परवानगी व चिरीव बांबूंची संख्या यांची नक्कल अक्षरशः करून घ्यावी, आणि कागद मूळ रुमालांतून वेगळा करूं नये. कारण शेजारच्या कागदावरूनच त्याचा अर्थ लागतो. लढायांचीं वर्णनें अनेक बखरींत मिळतील. गलबत कशाचें बांधलें होतें हें मात्र या उपेक्षित यादींतूनच कळावयाचें आहे.