मीठ धुणाऱ्या घरातली लेक

शिर्डीहून नगरच्या रस्त्याला लागले म्हणजे बाभळेश्वर मागे पडते, कोल्हारला प्रवरा ओलांडावी लागते आणि थोड्याच वेळात राहुरी येते. शिर्डीच्या जुन्या मशिदीत साईबाबांची धुनी अखंड जळत होती त्याच काळात, १९०० साली, या राहुरीत एका चित्पावन ब्राह्मण स्त्रीने बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळक हे तिचे नाव.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मनू १८६८ मध्ये जन्मली. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे होते की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे. धुतल्यावर मीठ उरते किती, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच विचारावे. परंतु त्या घरात तसे विचारण्याचा दस्तुर नव्हता. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नारायण वामन टिळक हे प्रतिभावंत कवी, मनाने उदार आणि तितकेच तापट. घर सोडून न सांगता निघून जाणारे. त्यांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला, त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

त्यांच्या आत्म्याला शांती लाभली; शिक्षा मात्र पत्नीने भोगली. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, पदरी लहानगा मुलगा दत्तू, आसरा नातेवाइकांचा, आणि न केलेल्या गुन्ह्याबद्दल लोकांच्या नजरा. चार-साडेचार वर्षे असा वियोग तिने सोसला. हा अन्याय होता, आणि टिळकांविषयी माझ्या मनात कितीही आदर असला तरी त्याला दुसरे नाव देणे मला शक्य नाही.

पुढे ती पतीकडे परतली ती हिंदू म्हणूनच: स्वतःचे सोवळे आणि स्वतःचे पाणी वेगळे ठेवून. टिळकांनी धर्मांतराचा आग्रह धरला नाही, हे त्यांचे मोठेपण मी मानतो. मिशनच्या वस्तीत, ज्यांना शिवणेही वर्ज्य अशा जातींतून आलेल्या माणसांमध्ये राहताना, तिच्या मनात पाण्याच्या तांब्यापासूनच विचार सुरू झाला. हे पाणी कोणी बाटवले? देवाने माणूस निर्माण केला. जात कोणी निर्माण केली? या प्रश्नाचे उत्तर तिने कोणा उपदेशकाकडून घेतले नाही, स्वतःच शोधले. आणि ज्या दिवशी ते सापडले त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा. माझ्या मते तिच्या श्रद्धेचा खरा उगम त्या तांब्यापाशीच आहे, कारण बालपणापासून जे सोवळे तिला छळत आले, त्याच सोवळ्याच्या जाचातून तिला ख्रिस्ताची वाट दिसली.

श्रद्धा लाभली म्हणून तिने मागचे दुःख झाकले नाही. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीचा संताप, त्यांचे निघून जाणे, स्वतःचे अश्रू, सारे काही आहे. कडवटपणा तेवढा नाही. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तिने पुढे नेले, आणि १९३६ मध्ये तीही गेली.

शिर्डीला जाणाऱ्या वाचकांस माझी विनंती एवढीच, की परतीच्या वाटेवर राहुरी लागेल तेव्हा पिशवीत ‘स्मृतिचित्रे’ असू द्यावे.