रौप्यपदकाचे दुःख

खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतील कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाड्या जुंपून त्यांची मिरवणूक काढली. पहिले दोघे कोण, याची चौकशी त्या गर्दीत कोणी केली असेल असे वाटत नाही. तिसरा क्रमांक मनाला असा निर्मळ आनंद देऊ शकतो. दुसऱ्याचे मात्र तसे नाही.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकची चित्रफीत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दाखविली. निकाल लागताक्षणी विजेत्यांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, त्यांना गुण द्यावयाचे होते. तीव्र दुःखास १, आनंदाच्या कळसास १०. कांस्यपदक मिळविणाऱ्यांस सरासरी ७.१ गुण पडले, रौप्यपदक मिळविणाऱ्यांस अवघे ४.८! कारण उघड आहे. दुसरा आलेला पहिल्याकडे पाहतो व हातचे सुवर्ण गेले म्हणून हळहळतो. तिसरा आलेला चौथ्याकडे पाहतो व रिकाम्या हाताने परतण्याची वेळ टळली म्हणून सुखावतो. पदकाची खरी किंमत मनाच्या हिशेबात अशी उलटीपालटी होते.

ही तुलना कोणाशी होते, याचा विचार लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. जेथे फूटपट्टी किंवा तराजू चालत नाही, तेथे मनुष्य दुसऱ्या मनुष्यासच माप करतो, आणि तोही बहुधा आपल्याच बरोबरीचा निवडतो. बडोद्याच्या कारकुनाची झोप लक्ष्मीविलास राजवाडा पाहून उडत नाही. शेजारच्या मेजावरील सोबत्यास बढती मिळाली की उडते.

परंतु मन नेहमी वरच पाहते असे नाही. शेली टेलर या विदुषींनी १९८३ साली स्तनाचा कर्करोग झालेल्या ७८ स्त्रियांच्या मुलाखतींवरून काही निरीक्षणे प्रसिद्ध केली. ज्यांची केवळ गाठ काढली होती, त्या संपूर्ण स्तन गमावलेल्यांपेक्षा स्वतःस सुदैवी समजत. उलट, स्तन गमावलेल्यांपैकी एकीनेही आपली तुलना गाठ काढलेल्या बाईशी केली नाही. वयस्क स्त्रिया तरुण रोग्यांची कीव करीत, विवाहित स्त्रिया अविवाहितांची. अधिक दुःखी बाई प्रत्यक्षात आढळली नाही, तर ती कल्पनेने उभी केली जाई. आणि ज्यांची अवस्था सर्वांत वाईट होती, त्या म्हणत की, आपण मरणाच्या दारी नाही, निदान वेदना तरी नाहीत.